विश्लेषण : पहिले सिझेरियन, मग दुसरेही सिझेरियनच? नैसर्गिक प्रसूती कोणाला शक्य?

पहिले बाळ सिझेरियनने झालेल्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले, की घरातले सगळे गृहीत धरतात, याही वेळी सिझरच. काही कुटुंबे तर मुहूर्तही पाहून ठेवतात. वास्तविक, अशा अनेक स्त्रियांची दुसरी प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. मात्र ती कोणाची, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या तयारीनिशी, हे आधी ठरावे लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के, तर महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. म्हणजे राज्यात साधारण दर चार प्रसूतींमागे एक. त्यामुळे हा प्रश्न आता घरोघरी येऊ लागला आहे.

‘एकदा सिझर, कायम सिझर’ हा समज कुठून आला?

न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये हा विचार मांडला. पहिले सिझेरियन विनाकारण करू नका, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा छेद घेत. तो व्रण पुढच्या कळांमध्ये उसवण्याची भीती जास्त असे. पुढे गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ झाली. हा व्रण कळांचा ताण अधिक चांगला सोसतो. शस्त्रक्रिया बदलली, पण जुना समज टिकून राहिला.

नैसर्गिक प्रसूती किती जणींना साधते?

सिझेरियननंतरच्या नैसर्गिक प्रसूतीला डॉक्टर ‘व्हीबॅक’ म्हणतात. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एक सिझेरियन झालेल्या आणि असा प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी ७२ ते ७५ स्त्रियांना त्यात यश येते. आधी एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झाली असेल, तर हे प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. पहिले सिझेरियन कशासाठी झाले, यावरही बरेच अवलंबून असते. बाळ पायाळू होते म्हणून झाले असेल आणि आताचे बाळ डोक्याकडून खाली असेल, तर शक्यता चांगली. कळा येऊनही प्रसूती पुढे सरकली नाही म्हणून झाले असेल, तर ती कमी. आईचे जास्त वजन आणि बाळाचा मोठा आकार यांमुळेही यशाची शक्यता घटते.

यात धोका कोणता?

मुख्य धोका गर्भाशयावरचा जुना व्रण उसवण्याचा. खालच्या भागात एकच आडवा छेद असेल, तर साधारण २०० पैकी एका स्त्रीच्या बाबतीत असे घडते. प्रमाण कमी असले तरी प्रसंग जिवावरचा असतो, बाळाच्या आणि आईच्याही. औषध देऊन कळा आणल्या किंवा वाढवल्या, तर हा धोका दोन ते तीन पट वाढतो. दोन प्रसूतींमध्ये दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल, तरीही तो वाढतो. दुसरी बाजू अशी, की प्रयत्न फसला तर ऐनवेळी सिझेरियन करावे लागते आणि ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा त्यात गुंतागुंत अधिक होते.

मग थेट दुसरे सिझेरियन करणेच सुरक्षित नाही का?

व्रण उसवण्याचा धोका त्यात जवळपास टळतो, तारीख ठरवता येते आणि कुटुंब पूर्ण झाले असेल तर नसबंदीही त्याच वेळी होते. पण प्रत्येक सिझेरियन पुढच्या गर्भारपणाची जोखीम वाढवते. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आली, तर ती जुन्या व्रणात रुतून बसू शकते. मग प्रसूतीच्या वेळी प्रचंड रक्तस्राव होतो, प्रसंगी गर्भाशय काढावे लागते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात वार अशी खाली असलेल्या स्त्रियांमध्ये ती रुतलेली आढळण्याचे प्रमाण दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ११ टक्के, तर तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के होते. म्हणून आणखी मुले हवी आहेत का, हा विचार आधी करावा. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल आणि वैद्यकीय घाई नसेल, तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. मुहूर्तासाठी त्याआधी केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

प्रयत्न कोणी करू नये?

गर्भाशयावर उभा छेद असेल, पूर्वी व्रण उसवला असेल किंवा वार तोंडावर असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू नये. दोन सिझेरियन झालेल्या स्त्रियांचा निर्णय अनुभवी तज्ज्ञांनीच घ्यावा. पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल, असे नाही. तो पहिल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीतूनच कळतो. पहिली प्रसूती माहेरी आणि दुसरी सासरी, असे आपल्याकडे सर्रास होते आणि कागद मागे राहतो. छेदाचा प्रकार आणि सिझेरियनचे कारण लिहिलेले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. ते नसेल तर आधीच्या रुग्णालयातून नोंद मागवावी.

रुग्णालय कसे निवडावे?

असा प्रयत्न घरी किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करू नये. प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, रक्त आणि नवजात बाळाची काळजी या सोयी रात्रीही हाताशी हव्यात. कळा सुरू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष हवे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीत हा विषय काढता येतो.

डॉक्टरांना काय विचारावे?

माझ्या गर्भाशयावर कोणता छेद आहे? पहिल्या वेळचे कारण या वेळीही आहे का? रात्री दोन वाजता गरज पडली, तर इथे किती वेळात सिझेरियन होईल? तारीख उलटली आणि कळा आल्याच नाहीत, तर पुढे काय? ही उत्तरे सातव्या-आठव्या महिन्यातच घ्यावीत, कारण कळा सुरू झाल्यावर शांतपणे निर्णय होत नाही. कळा सुरू होताच, पाणी गेल्यास किंवा रक्त दिसल्यास घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दोन कळांच्या मध्येही न थांबणारे पोटदुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे ही धोक्याची खूण समजावी. वाहनाची सोय नसेल तर १०८ वर फोन करावा.