मृगाच्या पायांपलीकडे

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र डोक्यावर येते, तेव्हा त्याचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली टपून बसलेला व्याध हे सारे एकाच पाटीवर रेखाटल्यासारखे दिसते. वस्तुतः त्या चार पायांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. त्यांतला एक पृथ्वीपासून सुमारे अडीचशे प्रकाशवर्षांवर आहे, तर राजन्य नावाचा तेजस्वी तारा साडेआठशे प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे. मृगाच्या दिशेने कोणी खरोखरच चालू लागला, तर जवळचा पाय हळूहळू बाजूला सरेल, मग मागे पडेल आणि हरणाचे चित्र पार विसकटून जाईल. पुस्तकात हे वाचणे वेगळे आणि डोळ्यांदेखत घडताना पाहणे वेगळे. हे पाहण्याचे भाग्य कोणाही मानवाला लाभलेले नाही, आणि नजीकच्या काळात लाभण्याचा संभवही नाही. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेले व्हॉयेजर-१ हे यान जवळजवळ अर्धशतक अविश्रांत धावत आहे. तरी त्याने तोडलेले अंतर प्रकाशाच्या अवघ्या एका दिवसाच्या मजलेइतकेच भरते.

अशा स्थितीत ‘एलिट डेंजरस’ या संगणकीय खेळाने गेल्या दशकात जे साधले आहे, त्याकडे केवळ मुलांची करमणूक म्हणून पाहणे योग्य होणार नाही. या खेळात लढाया आहेत, व्यापार आहे, चाचेगिरीही आहे. परंतु त्यातील एक वर्ग या साऱ्याकडे पाठ फिरवून वस्तीपासून हजारो प्रकाशवर्षे दूर निघून जातो आणि महिनोन्‌महिने परत येत नाही. या लोकांना तेथे काय गवसते, हा येथे विचाराचा विषय आहे.

या खेळाचे मूळ १९८४ सालचे आहे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ नावाचा खेळ रचला. तो ज्या यंत्रासाठी लिहिला, त्याची स्मृती जेमतेम ३२ किलोबाइट. आजच्या फोनमधील एका साध्या छायाचित्रालाही ती अपुरी पडेल. एवढ्याशा जागेत त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे बसविले. ही किमया कशी साधली? त्यांनी तारे साठविलेच नाहीत. एका आरंभीच्या आकड्यापासून गणिताच्या ठरावीक नियमांनी तारे निर्माण होतील अशी व्यवस्था केली. बीज तेच आणि नियम तेच, म्हणून झाड प्रत्येक वेळी तेच उगवणार. या रीतीने अब्जावधी आकाशगंगाही काढता आल्या असत्या. पण इतका पसारा दाखविला तर त्यातील कृत्रिमता उघडी पडेल, या धोरणी विचाराने प्रकाशकांनी आठांवर रेघ ओढली.

पुढे २०१२ साली ब्रेबेन यांच्या फ्रॉन्टियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने नव्या खेळासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले. पंधरा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ प्रसिद्ध झाला. या खेपेस आठ आकाशगंगा नव्हत्या. एकच होती, ती म्हणजे आपली, आणि तीही पूर्ण आकाराची. तीत सुमारे ४०० अब्ज ताराकुले आहेत. त्यांपैकी दीड लाखाच्या आसपास ज्योतिर्विदांच्या खऱ्या सूच्यांतून घेतलेली आहेत. व्याध, रोहिणी, ज्येष्ठा हे सारे आपापल्या जागी आहेत. उरलेली ताराकुले गणिताने निर्माण होतात; मात्र ते गणित ताऱ्यांचे वस्तुमान, वय आणि धातूंचे प्रमाण यांविषयी विज्ञानाला जे ठाऊक आहे, त्याला धरून चालते. दर सेकंदास एक ताराकुल पाहून संपवू म्हटले, तरी साडेबारा हजारांहून अधिक वर्षे लागतील! खेळ निघाल्यापासून जगभरच्या खेळाडूंनी मिळून जेवढी ताराकुले पाहिली, ती सगळी एकत्र केली तरी एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही भरली नाहीत.

प्रवासाची रीत तशी साधी आहे. यान एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत उडी घेते. क्षणभर सारे अंधारते, प्रकाशाचे पट्टे मागे पळतात, आणि पुढच्याच क्षणी एक धगधगता गोळा यानासमोर येऊन उभा राहतो. पायलट यान वळवितो आणि शोधयंत्राची कळ दाबून धरतो. तेव्हा भोंग्यासारखा एक खर्जातला ध्वनी घुमतो आणि त्या ताऱ्याभोवती किती ग्रह-उपग्रह आहेत, याचा आकडा हाती येतो. २०१८ च्या अखेरीस खेळात आणखी एक साधन आले. त्यात आकाशवाणीचे केंद्र जुळवावे त्याप्रमाणे लहरी जुळवून एकेक ग्रह हुडकावा लागतो. बर्फाळ गोल, पाण्याने वेढलेला ग्रह, पृथ्वीसारखे जग, प्रत्येकाचा स्वर निराळा. मुरलेले प्रवासी तर डोळे मिटून, केवळ कानांवरून ग्रहाची जात सांगतात.

इंधनाचा प्रश्न मात्र कायम मानगुटीवर बसलेला असतो. वाटेत पेट्रोलपंप नाहीत; ताऱ्याच्या इतक्या निकट जायचे, की त्याच्या प्रभामंडळातील हायड्रोजन यानात ओढून घेता येईल, आणि इतक्याही निकट नव्हे, की यान होरपळेल. त्यातही प्रत्येक तारा दाता नसतो. ज्योतिर्विदांनी ताऱ्यांचे तापमानानुसार ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे वर्ग पाडले आहेत. हार्वर्ड वेधशाळेतील अ‍ॅनी जंप कॅनन या विदुषीने या क्रमाला निश्चित रूप दिले. या सात वर्गांतील ताऱ्यांकडून इंधन मिळते. त्यांहून थंड असे तपकिरी बटू, आणि मृत ताऱ्यांचे अवशेष असलेले श्वेत बटू व न्यूट्रॉन तारे यांच्या दारातून रित्या हातानेच परतावे लागते. शाळेत ज्याला हा क्रम कधी पाठ झाला नाही, त्याला तो येथे दोन दिवसांत तोंडपाठ होतो, कारण न झाल्यास टाकी रिकामी पडते! न्यूट्रॉन तारा इंधन देत नसला तरी त्याच्या ध्रुवांतून फेकल्या जाणाऱ्या झोतात यान घातले, तर पुढची उडी चौपट लांबते. मात्र या सौद्यात यंत्राची झीज होते, आणि झोतात जरा वेडेवाकडे शिरल्यास यान भिरभिरू लागते.

टाकी रिकामी पडलीच तर? त्यासाठी ‘फ्युएल रॅट्स’ म्हणजे इंधनाचे उंदीर या नावाची खेळाडूंचीच एक स्वयंसेवी मंडळी आहे. अडकलेल्याची हाक येताच ते निघतात आणि प्रसंगी हजारो प्रकाशवर्षे तोडून त्याला इंधन पोचवितात. मोबदला घेत नाहीत. ज्या जगात लुटायला वाव आहे, तेथे ही प्रथा कोणाच्या हुकमावाचून उभी राहावी, ही गोष्ट खेळाच्या रचनेइतकीच लक्षणीय आहे.

आता या भटकंतीच्या मर्माकडे वळावे. नवे ताराकुल प्रथम पाहणाऱ्याला वाटते की ते आपण शोधले. तसे नाही. त्याची नोंद यानातच असते. वस्तीतील नकाशा-कचेरीत ती सुपूर्द केल्यावरच मोबदला मिळतो आणि त्या ताऱ्याच्या माहितीपत्रावर प्रथम शोधकाचे नाव चढते. ते नाव मग प्रत्येक येणाऱ्याला दिसते. त्यापूर्वी यान फुटले, तर खेळाडूला नवे यान मिळते. परंतु न सोपविलेली प्रत्येक नोंद नष्ट होते. सहा महिने फिरून गोळा केलेले ज्ञान एका चुकीच्या वळणावर बेपत्ता होते. यामुळे घरापासून जो जो दूर जावे, तो तो गाठोडे जड होत जाते आणि जपणूकही वाढते. जुन्या दर्यावर्दींची हीच स्थिती नव्हती काय? नवा किनारा पाहिला एवढ्याने भागत नसे. त्याचा नकाशा घेऊन परतावे लागे. २०२० पासून खेळाडूंना एका उडीत ५०० प्रकाशवर्षे जाणारी प्रचंड वाहक जहाजे घेता येतात आणि त्यांच्यावर नकाशा-कचेरीही थाटता येते, त्यामुळे ही टांगती तलवार बरीच बोथट झाली आहे. सोय झाली हे खरे, पण जुने प्रवासी हळहळतात आणि ते निष्कारण नव्हे.

या प्रवासात कंटाळा नाही, असे म्हणणे धादांत खोटे ठरेल. बहुतेक ग्रह बर्फाचे किंवा खडकाचे असतात. शंभर ताराकुले धुंडाळली तरी पृथ्वीसारखे एकही जग न सापडणे अगदी शक्य असते. अल्फा सेंटॉरी या ताराकुलात हटन ऑर्बिटल नावाचे एक स्थानक मुख्य ताऱ्यापासून प्रकाशवर्षाच्या पंचमांशाहून अधिक अंतरावर आहे. तेथे पोचायला नेहमीच्या पद्धतीने तासाहून अधिक काळ सरळ रेषेत बसून राहावे लागे, आणि पोचल्यावर विकत घ्यायला मिळतो एक कॉफीचा मग! तरी हजारो लोक हौसेने गेले. अंतर हे अंतर आहे, ते कोणाच्या सोयीसाठी आखडले जात नाही, ही जाणीवच या खेळाची खरी मिळकत आहे. सपाटून चाललेल्या कंटाळ्यानंतर दोन ताऱ्यांच्या मध्ये कडी घातलेला ग्रह उगवताना दिसतो, तेव्हा त्याचे मोल कळते. आरंभीच ताटात वाढला असता तर कळले नसते.

आकाशगंगेच्या पैलतीरी, सूर्यापासून पासष्ट हजार प्रकाशवर्षांवर, बीगल पॉइंट नावाचा एक तारा आहे. डार्विनला घेऊन जाणाऱ्या जहाजाची आठवण म्हणून खेळाडूंनी हे नाव दिले. एका उडीत साठ प्रकाशवर्षे धरली, तरी एका वेळच्या वाटेला अकराशेच्या आसपास उड्या होतात. त्यात शेवटच्या टप्प्यात तारे इतके विरळ होतात, की पुढची पायरी शोधताना घाम फुटतो. २०१६ च्या जानेवारीत हजाराहून अधिक खेळाडूंचा तांडा ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ या नावाने तिकडे निघाला. २०१९ च्या दुसऱ्या मोहिमेत दहा हजारांहून अधिक सहभागी झाले. आकाशगंगेच्या मध्याशी असलेल्या सॅजिटेरियस ए या महाकाय कृष्णविवराच्या परिसरात एक स्थानक उभारण्यास त्यांनी हातभार लावला आणि पाच महिन्यांनी पैलतीर गाठला. तेथून मागे वळून पाहिले की आकाशगंगेचा तेजस्वी पट्टा सगळाच्या सगळा एका बाजूला दिसतो आणि दुसऱ्या बाजूस निव्वळ काळोख. ग्रंथांत आढळणारे आकाशगंगेचे बाहेरून दिसणारे प्रत्येक चित्र हाताने किंवा संगणकाने काढलेले असते, कारण तिच्याबाहेर जाऊन कोणी छायाचित्र घेतलेलेच नाही.

हे सारे खोटेच ना, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. या खेळातील दूरचे ग्रह म्हणजे ज्ञान नव्हे. गायासारख्या युरोपीय वेधयानानेही सुमारे दोन अब्जच ताऱ्यांचे मोजमाप केले. उरलेल्यांभोवती काय फिरते, हे कोणीच पाहिलेले नाही. तरीही २०१७ च्या फेब्रुवारीत एक गंमत घडली. चाळीस प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती पृथ्वीसारख्या आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले, तेव्हा खेळाच्या गणिताने त्याच परिसरात सात ग्रहांचे एक अंधुक ताराकुल आधीच मांडून ठेवले असल्याचे आढळले. निर्मात्यांनी त्याचे नाव बदलले आणि ग्रहांची जुळवाजुळव केली. हे भाकीत म्हणता येणार नाही. पण नियम खऱ्यांच्या जवळचे असले, की कल्पनाही सत्याच्या आसपास जाऊन पडते, एवढे त्यावरून दिसते.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. शोधकांची नावे एका कंपनीच्या संगणकांत आहेत. ते बंद पडले, तर नावेही गेली.

नवख्याने पहिल्याच खेपेस बीगल पॉइंटचा हट्ट धरू नये. मृगातील तेजोमेघ सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षांवर आहे. तेवढी सफर चार-दोन संध्याकाळींत होते आणि मृगाचे पाय वाटेत कसे फाकतात, तेही पाहायला मिळते. निघताना यानावरील शस्त्रे उतरवावीत, वजन घटते आणि उडी लांबते. गुरुत्व जास्त असलेल्या ग्रहावर उतरताना घाई करू नये. आणि परतल्यावर शेवटच्या स्थानकापाशी तर मुळीच नको. तेथे प्रवेशाची परवानगी मागून, वेग उतरवून मगच दारातून आत शिरावे. हजारो प्रकाशवर्षे निर्धोक पार करून आलेली कित्येक याने या दाराच्या कडेवर आपटली आहेत, नोंदींसकट.