मुदत संपलेली फिल्म

तुमच्या घरात एखादा जुना कॅमेरा आहे का? मोबाइलवर फोटो काढण्याच्या आधीच्या काळातला, ज्यात फिल्मचे रीळ घालावे लागे तसा? अशा कॅमेऱ्याबरोबर कधी कधी एखादे न वापरलेले रीळही सापडते. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाची कृष्णधवल, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोंची फिल्म तयार होत असे. रिळाच्या खोक्यावर एक तारीख छापलेली असते. त्या तारखेच्या आत फिल्म वापरावी, असा तिचा अर्थ. समजा, ती तारीख १९९२ सालची आहे. मग ते रीळ फेकून द्यायचे का? थांबा. आधी त्याच्या आत काय घडत असते, ते पाहू.

फिल्म म्हणजे एक पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिशय बारीक स्फटिक असतात. फोटो काढताना क्षणभर प्रकाश आत येतो. ज्या स्फटिकांवर तो पडतो, त्यांच्यात चांदीचा एक सूक्ष्म ठिपका तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पुढे अंधारात फिल्म डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवली, की ठिपका असलेला सगळा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. बाकीचे स्फटिक हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातात. या सगळ्या कामाला फोटोग्राफर साध्या शब्दांत 'फिल्म धुणे' म्हणतात.

आता गंमत पाहा. रीळ बंद खोक्यात असले, तरी त्याच्यात बदल होतच असतात. उन्हाळ्याची उष्णता, पावसाळ्यातील दमट हवा, तसेच जमिनीतून आणि आकाशातून सतत येणारे अदृश्य किरण यांमुळे काही स्फटिकांत तसेच ठिपके तयार होतात. प्रकाश न पडताही! डेव्हलपरला हा फरक कळत नाही. तो त्या स्फटिकांनाही काळे करतो. मग साऱ्या फिल्मवर राखाडी पडदा पसरतो. फोटोग्राफर त्याला 'फॉग', म्हणजे धुके म्हणतात. शिवाय प्रकाश टिपण्याची फिल्मची ताकदही वर्षांमागून वर्षे कमी होत जाते. कमी उजेडात चालणारी ४०० क्रमांकाची वेगवान फिल्म लवकर बिघडते. ५० किंवा १०० ची मंद फिल्म त्या मानाने पुष्कळ टिकते.

तुम्हांला प्रयोग करून पाहायचा असेल, तर प्रकाश कमीजास्त करता येईल असा कॅमेरा घ्या. जुन्या फिल्मला दर दहा वर्षांमागे दुप्पट प्रकाश द्यावा, असे फोटोग्राफर सांगतात. हा नियम अंदाजाचा आहे. फ्रीजमध्ये ठेवलेल्या रिळाला इतका प्रकाश लागत नाही, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर भाजून निघालेल्या रिळाला कितीही दिला तरी पुरत नाही! म्हणून एकाच झाडाचे, एकाच वेळी चार फोटो काढा. पहिला खोक्यावर लिहिल्याप्रमाणे, दुसरा दुप्पट प्रकाशात, तिसरा चौपट आणि चौथा आठपट. प्रत्येकाची वहीत नोंद करा. शेवटचा फोटो मात्र काढूच नका. ती जागा कोरी ठेवा. फिल्म धुतल्यावर त्या कोऱ्या जागेत जेवढा काळेपणा दिसेल, तेवढे धुके. ते फार असेल, तर पुढच्या रिळाच्या वेळी डेव्हलपरमध्ये थोडे पोटॅशियम ब्रोमाइड घालून पाहता येते. त्याने धुके कमी होते. पण फिल्म आणखी मंद होते. कागदात गुंडाळलेल्या रिळात कधी कधी मागच्या कागदावरचे आकडेही फोटोत उमटतात. रसायनांचे काम शिक्षकांसमोर आणि हातमोजे घालूनच करा.

एक गोष्ट मात्र आधी पाहा. रीळ खरोखर न वापरलेले आहे ना? जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीवर लहानशी लाल खिडकी असते. तिच्यात एखादा आकडा दिसत असेल, तर कॅमेरा उघडू नका. आत दादाजानांनी काढलेले फोटो असतील. अशा रिळावर प्रयोग करायचा नसतो. ते जाणकाराच्याच हाती द्यावे, कारण फिल्म एकदाच धुता येते.

इतक्या वर्षांनी काय निघणार, असे तुम्हांला वाटेल. १८९७ साली सॉलोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश प्रवासी बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. ११ जुलैला उडालेले बलून १४ जुलैला बर्फावर उतरले. पुढे जवळजवळ तीन महिने बर्फावर काढून ते एका निर्जन बेटावर पोहोचले आणि तेथेच मरण पावले. त्यांचे काय झाले, हे ३३ वर्षे कोणालाही कळले नाही. १९३० साली नॉर्वेच्या एका जहाजावरील लोकांना त्या बेटावर त्यांचा मुक्काम सापडला. त्यांच्या सामानात फिल्मची रिळेही होती. स्टॉकहोम येथे जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती धुतली. २४० फोटोंपैकी ९३ फोटो वाचले! त्या बेटावरची थंडी फिल्मच्या कामी आली होती.

फोटोंवर डाग आहेत, धुकेही आहे. तरी एका फोटोत बर्फावर आडवे पडलेले बलून स्पष्ट दिसते. त्याच्याजवळ दोन माणसे उभी आहेत. ते आंद्रे आणि फ्रेंकेल. हा फोटो स्ट्रिंडबर्गने काढला होता. पण तो त्याला स्वतःला कधीच पाहायला मिळाला नाही.