टाउबे

टाउबे हे पहिल्या महायुद्धापूर्वीचे एकपंखी विमान. ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिख यांनी ते घडवले आणि 1910 मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. जर्मन भाषेत ‘टाउबे’ म्हणजे कबूतर. आकार पक्ष्यासारखा असला, तरी पंखांची कल्पना मात्र जावा बेटावरील झॅनोनिया वेलीच्या बीवरून सुचली होती. या बीला दोन्ही बाजूंनी कागदासारखे पातळ पापुद्रे असतात आणि ती वाऱ्यावर दूरवर तरंगत जाते. टाउबेला तोल सांभाळण्यासाठी वेगळ्या झडपा नव्हत्या. वैमानिक तारा ओढून पंखांची लवचीक टोकेच पिळत असे.

1 नोव्हेंबर 1911 रोजी इटलीचे लेफ्टनंट जूलिओ गावोत्ती यांनी लिबियात टाउबेतून चार लहान बॉम्ब हातानेच खाली टाकले. विमानातून झालेला हा पहिला बॉम्बहल्ला मानला जातो. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन टाउबेने पॅरिसवर बॉम्ब टाकले. टॅननबर्गच्या लढाईत रशियन फौजांच्या हालचाली टिपण्यासही ही विमाने उपयोगी पडली. उंचीवर पंखांचे कापड अर्धपारदर्शक दिसे, त्यामुळे जमिनीवरून ते चटकन नजरेस पडत नसे. मात्र वेग कमी आणि वळणे संथ असल्याने ते लवकरच आघाडीवरून मागे घेतले गेले आणि प्रशिक्षणापुरते उरले.