न्हाणीघरातील पंखा आणि घराचा कठडा

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक आज्ञा आहे. नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा. न केल्यास आणि वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल, असा तिचा आशय होय. आपली घरे कौलांची असोत की स्लॅबची, घरात वावरणाऱ्यांच्या जिवाची जोखीम घरधन्याच्या शिरावर आहे, हे तत्त्व आजही तसेच आहे. आजच्या घरात असा कठडा जेथे अत्यंत आवश्यक, ती जागा म्हणजे न्हाणीघर.

ओल आणि बुरशी टाळण्यासाठी आता पुष्कळ न्हाणीघरांत एक्झॉस्ट पंखा असतो. वाफेने तो काही वर्षांत गंजतो आणि नवा आणावा लागतो. पुष्कळदा थोरला मुलगाच तो बसवितो. आहे त्या जागी पंखा बदलण्यास नियमांची आडकाठी नाही. परंतु नवी वायर ओढावयाची असल्यास परवानाधारक वायरमनच बोलवावा.

पंखा लहान, म्हणून त्याची वीज निरुपद्रवी, ही समजूत घातक होय. 40 वॅटचा पंखा 230 व्होल्टवर सुमारे 170 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. मनुष्याच्या शरीरातून 30 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण वाहिला तरी प्राणावर बेतू शकते. आणि ओली त्वचा त्याला फारसा अडथळा करीत नाही. 6 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे 6000 मिलिअँपिअरचा, अशा वेळी स्वस्थ राहतो. तो वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

म्हणून काम हाती घेताना पंख्याचे बटन बंद करून भागत नाही; घराचा मेन स्विच बंद करावा. काही घरांत बटन चुकून न्यूट्रलवर बसविलेले असते. तेव्हा पंखा थांबतो, परंतु त्याच्यापर्यंत आलेली वीज कायम राहते. टेस्टर आधी चालू सॉकेटात लावून तो ठीक आहे याची खात्री करावी, मग मेन बंद करून पंख्याच्या वायरींना लावावा. लाल वायर फेज, काळी न्यूट्रल व हिरवी अर्थिंग असा संकेत आहे. पण पूर्वी काम करणाऱ्याने तो पाळला असेलच असे नाही. कोणती वायर कोठे होती ते जुना पंखा सोडण्यापूर्वीच लिहून ठेवावे. फेज बटनातूनच यावी व बटन न्हाणीघराबाहेर असावे. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. वाफेने टेप सुटते. जोड कनेक्टरने करून झाकणाच्या डबीत ठेवावा.

हिरवी वायर हाच आजचा कठडा. तिच्याविना पंखा फिरतो, म्हणूनच तिची हेळसांड होते. पंखा धातूचा असल्यास ती त्याच्या अर्थिंगच्या स्क्रूला घट्ट कसावी. अर्थिंग म्हणून न्यूट्रलला जोड देणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. न्यूट्रल कोठे तुटली तर पंख्याच्या सबंध धातूत वीज उतरते. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या प्लॅस्टिकच्या पंख्याला अर्थिंग लागत नाही. तरी हिरवी वायर तोडू नये, टोक झाकून ठेवावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू देऊ नये.

याखेरीज 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. विजेची गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबावे. वीज तुटली नाही तर तो ताबडतोब बदलावा.

वाचकहो, नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आपण आम्हांस बोलावता. त्या दिवसाच्या तयारीत अर्थिंगची तपासणीही असू द्यावी. हत्येला मनाई करणारी पाचवी आज्ञा, हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाही बांधते. वायरमनची मजुरी जड वाटेल तेव्हा, त्या न्हाणीघरात रोज ओल्या अंगाने उभे राहणारे आपले लेकरू आठवावे.