थाळीफेक : बळ, तंत्र आणि गुंतवणूक

१९५९ साली भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्याभोवती वसाहती, शाळा व मैदाने उभी राहिली. अशा औद्योगिक नगरांतील मुलामुलींसाठी थाळीफेक हा अल्प खर्चाचा खेळ आहे. २.५ मीटर व्यासाचे वर्तुळ, मोकळे मैदान आणि पुरुषांसाठी २, तर स्त्रियांसाठी १ किलोची थाळी एवढे त्यास पुरते. खरी गरज असते ती तंत्राची.

फेकीचे अंतर स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच वेग ५ टक्क्यांनी वाढल्यास अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढते. हा वेग केवळ दंडातून येत नाही. पाय, कंबर, खांदा व शेवटी हात या क्रमाने तो संक्रमित होतो; हाताने घाई केली की ही साखळी तुटते. सुटताना तर्जनीने दिलेली फिरकी थाळीस स्थिर ठेवते. थाळी डगमगल्यास हवेचा रोध वाढतो. पुढची कड फार वर गेल्यास तिची उचल नाहीशी होते. तंत्र साधले, तर समोरचा वाराही साहाय्य करतो. २०२५ साली मिकोलास अलेक्ना यांनी ७५.५६ मीटरचा विश्वविक्रम नोंदविला, तो ओक्लाहोमातील रमोनाच्या वाऱ्याच्या मैदानावरच.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया यांनी ६१.५१ मीटर फेकीसह सुवर्णपदक पटकाविले. १९५८ नंतर भारताला या स्पर्धेत ॲथलेटिक्समध्ये मिळालेले ते पहिले सुवर्ण होते. गुणवत्ता आपल्याकडे आहे. म्हणूनच मैदानाइतकाच प्रशिक्षकावरील खर्चही उत्पादक गुंतवणूक मानला पाहिजे.