प्रवेश आणि पदवी यांच्या दरम्यान

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, उंच लोखंडी खांबांवरून धावणाऱ्या सात क्रमांकाच्या रेल्वेच्या मार्गालगत, एके काळी कारखाना असलेल्या एका प्रशस्त इमारतीत १९७१ साली लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झाले. महामंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या शहराचे महापौरपद भूषविणाऱ्या फिओरेलो लाग्वार्डिया यांचे नाव त्याला दिलेले आहे. महाविद्यालय म्हटले की वसतिगृहे, क्रीडांगणे आणि अभ्यासावाचून दुसरी विवंचना नसलेली तरुण मंडळी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु येथे येणारा विद्यार्थी बहुधा रात्री उशिरापर्यंत एखाद्या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात राबून सकाळच्या तासाला आलेला असतो, येथील विद्यार्थिनी पुष्कळदा लहान मुलाला कोणाच्या तरी हवाली करून वर्गात बसलेली असते, आणि ज्या भाषेत परीक्षा द्यावयाची ती भाषा अनेकांच्या घरात बोलली जात नाही. शंभराहून अधिक देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले येथे शिकतात. शालान्त शिक्षणाचा दाखला हाती असला की प्रवेश नाकारला जात नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर असोसिएट ही पदवी मिळते, आणि मग तिच्या बळावर परिचारिकेचा, लेखनिकाचा किंवा तंत्रज्ञाचा व्यवसाय पत्करावा अथवा चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल व्हावे, अशी योजना असते.

अशा कॉलेजात वर्गखोल्यांइतकेच महत्त्व त्यांच्या बाजूच्या कचेऱ्यांना असते. एका कचेरीत सरकारी अनुदानाचे अर्ज भरून घेतात. दुसरीत अंध, बधिर किंवा अन्य प्रकारे अपंग विद्यार्थ्यांसाठी परीक्षेला वाढीव वेळ, खुणांच्या भाषेचा दुभाषा, टिपणे घेणारा मदतनीस अशी तजवीज होते. सैन्यातून परतलेल्यांचे कागदपत्र पाहणारे खाते वेगळे, गणित आणि इंग्रजी यांची विनामूल्य शिकवणी देणारे केंद्र वेगळे, मानसोपचाराचा सल्ला देणारा कक्ष वेगळा. पुष्कळ ठिकाणी पाळणाघर असते, आणि गेल्या काही वर्षांत तर शिधा देणारी कोठारेही उघडलेली आहेत, जेथून डाळ, डबाबंद भाज्या, साबण, क्वचित मुलांचे लंगोटही विद्यार्थी पिशवीत घालून नेतात. हा सारा विस्तार पाहून विद्यादानाशी याचा संबंध काय असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा, आणि त्याचे उत्तर या संस्थांच्या इतिहासातच मिळते.

कम्युनिटी कॉलेजांची परंपरा इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावापासून मोजण्याचा प्रघात आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन या दोघांच्या विचारातून १९०१ साली तेथे सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास गावातच, घरी राहून व्हावा, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली आपला अहवाल सादर केला. लोकशाहीचे रक्षण व्हावयाचे असेल तर उच्च शिक्षणाची दारे सामान्य माणसाला उघडी हवीत आणि त्यासाठी नाममात्र फी घेणाऱ्या किंवा मुळीच फी न घेणाऱ्या सार्वजनिक कॉलेजांचे जाळे देशभर विणले पाहिजे, अशी शिफारस त्यात होती. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत हे जाळे खरोखरच विणले गेले, आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० साली शहरातील प्रत्येक शालान्त विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी दिली.

दारे उघडल्यानंतर आत काय होते, हे पाहण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने ते घेतले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील अशा एका कॉलेजचे त्याने निरीक्षण केले आणि १९६० साली एक निबंध प्रसिद्ध केला, जो आजही अस्वस्थ करतो. त्याचा निष्कर्ष असा की, विद्यापीठात जाण्याची आकांक्षा धरून आलेल्या, पण गुणांनी दुबळ्या विद्यार्थ्याला कॉलेज 'नाही' असे कधीच म्हणत नाही. प्राथमिक चाचण्या, सल्लागाराच्या मुलाखती, सत्रागणिक फुगत जाणारे नोंदींचे बाड, या साऱ्यांतून त्याला हळूहळू, गोड शब्दांत पटविले जाते की आपला वकूब एखाद्या लहान अभ्यासक्रमापुरताच आहे, आणि शेवटी तो हा निर्णय स्वतःचाच समजून निमूटपणे बाजूला होतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या साहाय्यासाठी नेमलेला मार्गदर्शक प्रत्यक्षात त्याच्या अपेक्षा निववण्याचे काम करीत होता. साहाय्याच्या कचेऱ्या असणे आणि साहाय्य होणे यांत किती अंतर असू शकते, हे या निबंधाने प्रथमच दाखविले.

पुढच्या दशकात कायद्यांनी या कचेऱ्यांची संख्या वाढवली. गरिबीशी युद्ध पुकारणाऱ्या १९६४ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या तीन केंद्रीय योजनांपैकी तिसरी, कॉलेजात आलेल्या वंचित विद्यार्थ्यांना शिकवणी आणि सल्ला पुरविणारी, १९६८ साली आली. तीन योजनांच्या त्या समूहाला 'ट्रायो' हे नाव त्यामुळेच पडले. कॅलिफोर्निया राज्याने १९६९ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी अशाच स्वरूपाचा स्वतंत्र कायदा केला. गरीब विद्यार्थ्याला थेट मिळणारे, परतफेड नसलेले केंद्रीय अनुदान १९७२ साली मंजूर झाले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव त्याला पुढे १९८० साली देण्यात आले. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगांना वगळता कामा नये, हा दंडक १९७३ सालचा.

आपल्याकडे ज्या पिढीने वार लावून जेवत आणि नादारीच्या अर्जावर सह्या मिळवीत विद्या संपादन केली, तिला या कायद्यांचे मोल चटकन उमजेल. वाराचे अन्न यजमानाच्या मर्जीवर आणि पुष्कळदा विद्यार्थ्याच्या जातीवर अवलंबून असे. कायद्याने दिलेल्या साहाय्याला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. तथापि हक्काचेही काही दोष असतात. तो अर्ज करणाऱ्यालाच मिळतो, आणि अर्ज करण्यासाठी आधी तो आहे हे ठाऊक असावे लागते. केंद्रीय अनुदानाच्या अर्जात दीर्घकाळ शंभरावर प्रश्न असत. आईवडिलांच्या करविवरणाचे आकडे त्यात भरावे लागत. ज्याच्या घरात कोणीही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही, अशा मुलाने या खिडकीवरून त्या खिडकीवर जावे, प्रत्येक ठिकाणी आपली हकीकत नव्याने सांगावी आणि कोणत्या विषयाचे क्रेडिट विद्यापीठ मान्य करील हेही स्वतःच शोधून काढावे, अशी व्यवस्थेची अपेक्षा होती. कोलंबिया विद्यापीठातील थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विखुरलेपणावरच बोट ठेवले. सेवा पुष्कळ होत्या, पण ज्याला त्यांची सर्वाधिक गरज होती तोच त्यांच्यापर्यंत सर्वांत कमी पोहोचत होता.

या पार्श्वभूमीवर सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली महापौर ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाच्या मदतीने लाग्वार्डियासह आपल्या सहा कम्युनिटी कॉलेजांत जी योजना सुरू केली, तिचा परिचय सविस्तर करून देण्याजोगा आहे. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'एसॅप' म्हणतात. तिच्यात एकही नवी सेवा नव्हती. नवी होती ती त्यांची बांधणी. अनुदाने वजा जाता उरणारी फी माफ. पाठ्यपुस्तके विनामूल्य. शहराच्या रेल्वे-बसचा महिन्याचा पास विनामूल्य, आणि तो सल्लागाराची भेट घेणे व योजनेच्या इतर अटी पाळणे यांवर अवलंबून. नावनोंदणीत अग्रक्रम, तास शक्यतो सलग गटात, म्हणजे उरलेल्या वेळात नोकरी करता यावी. कच्च्या विद्यार्थ्यांना शिकवणी सक्तीची, आणि गणित-इंग्रजीचे पायाभूत वर्ग मागे न टाकता आरंभीच उरकण्याचा आग्रह. या सर्वांच्या मोबदल्यात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकावयाचे आणि तीन वर्षांच्या आत पदवी मिळवावयाची, असा करार.

या करारातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे सल्लागार. सिटी युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत एरवी एका सल्लागाराकडे सहाशेपासून दीड हजारापर्यंत विद्यार्थी असत. अशा स्थितीत त्याने एखाद्याचे नाव लक्षात ठेवावे ही अपेक्षाच अवाजवी होय. योजनेतील सल्लागाराकडे आरंभी साठ ते ऐंशीच विद्यार्थी सोपविलेले असत. तो वाट पाहत बसत नसे. भेट चुकविणाऱ्याला तो दूरध्वनी करी, शिकवणीला गैरहजर राहिलेल्याची नोंद त्याच्यापुढे येई, आणि घरमालकाने जागा सोडायला सांगितल्यामुळे सत्र अर्धवट सोडून चाललेल्या मुलाला योग्य त्या कचेरीचा रस्ता दाखविणे हेही त्याचेच काम असे. पहिल्या वर्षात योजनेतील विद्यार्थी सल्लागाराला सरासरी ३८ वेळा भेटले. योजनेबाहेरच्यांच्या भेटी सरासरी ६ झाल्या. क्लार्कने पाहिलेला सल्लागार विद्यार्थ्याला पदवीच्या विचारापासून दूर नेत होता. याला नेमलेच होते ते पदवीपर्यंत पोहोचविण्यासाठी. फरक केवळ माणसांच्या सौजन्याचा नव्हता. कामाचा व्याप आणि सोपविलेली जबाबदारी बदलली, तेव्हा त्याच पदावरच्या माणसाचा धर्मही बदलला.

अशा योजनांची स्तुती करणारे पुष्कळ असतात, परीक्षा घेणारे थोडे. एसॅपची परीक्षा मात्र कसून घेतली गेली. एमडीआरसी या संशोधन-संस्थेने तीन कॉलेजांतील अल्प उत्पन्नाच्या, पायाभूत वर्गांची गरज असलेल्या ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला योजना दिली, दुसऱ्याला कॉलेजच्या नेहमीच्या सेवा. तीन वर्षांनी दुसऱ्या गटातील २२ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली होती, योजनेतील ४० टक्क्यांना. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा अंतर कमी झाले होते, पण पुसले गेले नव्हते: ४१ आणि ५१. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे साठ टक्क्यांनी वाढला, हे पाहून कोणाही कोषाध्यक्षाच्या भुवया उंचावतील. परंतु एकूण खर्चाला मिळालेल्या पदव्यांनी भागले असता एका पदवीमागचा खर्च दहा टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला. अर्धवट सुटलेल्या शिक्षणावरचा खर्च आजवर कोणी हिशेबात धरलाच नव्हता, म्हणून ते स्वस्त वाटत होते. न्यूयॉर्कची गोष्टच वेगळी, असे म्हणणाऱ्यांना ओहायो राज्याने उत्तर दिले: तेथील तीन कॉलेजांत ही बांधणी उचलली गेली, आणि तीन वर्षांच्या अखेरीस पदवीधरांचे प्रमाण १९ टक्क्यांच्या जागी ३५ टक्के भरले.

टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या अमरिलो कॉलेजने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. तेथील विद्यार्थ्यांना यशाच्या आड काय येते असे विचारले, तेव्हा पहिल्या दहा अडचणींत अभ्यासाशी संबंधित एकही नव्हती. पाळणाघर, अन्न, घर, वाहन, औषधपाणी, कोर्टकचेरी अशीच ती यादी होती. अध्यक्ष रसेल लोअरी-हार्ट यांच्या काळात कॉलेजने शिध्याचे कोठार, कपड्यांची सोय आणि समाजसेवक यांना एका छताखाली आणून तो विभाग आवाराच्या मध्यवर्ती, सर्वांच्या नजरेसमोर ठेवला. गरिबीची लाज ज्या कोपऱ्यात लपते तो कोपराच राहू नये, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांना दिला जाणारा अॅस्पेन पुरस्कार २०२३ साली या कॉलेजला विभागून मिळाला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते सारेच उडवून लावण्याजोगे नाहीत. प्रौढ माणसाला बोट धरून चालवू नये, हा आक्षेप दुबळा. श्रीमंत घरच्या मुलाचे बोट आईवडील, शिकवण्या आणि ओळखीपाळखी धरूनच असतात, फक्त ते कोणाला दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एसॅपचे सर्व घटक एकत्र दिले गेल्यामुळे नेमके कशाने काम केले हे प्रयोगावरून सांगता येत नाही, आणि अंदाजपत्रकाला कात्री लावणाऱ्याला नेमके तेच हवे असते. तिसरा सर्वांत खरा: ही योजना पूर्णवेळ शिकू शकणाऱ्यांसाठी आहे, आणि देशातील कम्युनिटी कॉलेजांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. ज्याला नोकरीचे तास कमी करता येत नाहीत त्याला हा करार करताच येत नाही. आणि प्रत्येक सल्लागाराकडील विद्यार्थ्यांची संख्या वाढवून योजनेचा विस्तार करण्याचा मोह तर सदैव असतोच.

तरीही या सर्व खटाटोपातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली आहे. सर्वांना प्रवेश देणाऱ्या संस्थेत साहाय्य हे अध्यापनाला जोडलेले दानधर्माचे खाते असू शकत नाही. तेथे ते अध्यापनाचेच अंग होय, कारण ज्याला गाडीभाडे नाही त्याच्यापर्यंत उत्तमातले उत्तम व्याख्यान पोहोचत नाही. आणि साहाय्याची प्रतवारी सेवांच्या यादीच्या लांबीवरून ठरत नाही. विद्यार्थी वर्गातून नाहीसा झाला तर ते त्याच दिवशी कळणे आणि त्याची विचारपूस करणे ही कोणाची नेमून दिलेली नोकरी आहे, आणि त्या माणसाच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकाच्या कोणत्या कलमात केलेली आहे, एवढे दोन प्रश्न कोणत्याही कॉलेजला विचारावेत. त्यांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत, त्याने प्रवेशाच्या आकड्यांचा अभिमान बाळगू नये.