‘हिस्’ करून बोलणे

गेल्या उन्हाळ्यात नातवाने इंग्रजी गोष्टीतले एक वाक्य माझ्यापुढे धरले. भरल्या लग्नमंडपात आई मुलीला ‘कम हिअर’ असे ‘हिस्’ करून सांगते. कोशात पाहून त्याने लिहिले होते, ‘आई फूत्कारली.’ मी हसलो आणि मग गप्पच झालो, कारण दुसरा शब्द मलाही चटकन सुचेना.

इंग्रजीत हे क्रियापद सापाचे आणि हंसाचे. नाटक पसंत पडले नाही की तिकडचे प्रेक्षकही ‘हिस्’ करतात. माणसाच्या बोलण्याला ते लावले की अर्थ होतो : आवाज खाली, राग वर. काही चिकित्सक म्हणतात, ज्या वाक्यात ‘स’ नाही ते ‘हिस्’ करता येतच नाही. मला हे पटत नाही. दबक्या बोलण्यात कंठातल्या स्वरतंतूंचा कंप थांबतो, उरतो तो नुसता श्वास. दात आवळून तो बाहेर सोडला की कोणतेही वाक्य सुसाटते. घरी करून पाहा. मात्र समोर कोणी नसताना.

गंमत अशी, की इंग्रजांना साप दातांशी ऐकू आला, आपल्याला ओठांशी. आपला ‘फूत्कार’ फ-चा, शेजारच्या कन्नडातले ‘बुसुगुट्टु’ ब-चे. त्याच कन्नडात ‘पिसुगुट्टु’ म्हणजे कुजबुजणे! आपले मांजर तेवढे ‘फिस्कारते’, म्हणजे ओठ आणि दात दोन्ही वापरते.

पण आई साप नव्हे. आपल्याकडे बोलणारा कोण, यावर क्रियापद ठरते. वैरी फूत्कारतो, सासरा दात-ओठ खाऊन बोलतो, आई दबक्या आवाजात दटावते. ‘दटावणे’ हा शब्द कोशापेक्षा पाठीत बसलेल्या चिमट्यातून जास्त कळतो. 1956 च्या नोव्हेंबरात बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. आता आपल्या पुष्कळ मुलांची शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी, गल्लीत दखनी. मराठी उरली ती घरात. घरातही आपण ‘सुम्ने कूडु’ किंवा ‘चुप बैठ’ म्हणूनच दटावू लागलो, तर त्या पोराने ‘दटावणे’ कुठे ऐकायचे? कोश त्याला सापच दाखवणार.

नातवाने वाक्य बदलले : ‘इकडे ये, आईने दबक्या आवाजात दटावले.’ इंग्रजीच्या एका शब्दाला आपले तीन लागले. पुढच्या पानावरचा कपटी काका मात्र त्याने फूत्कारताच ठेवला. तिथे मीही हात लावला नाही.